नळीतले पाणी, खडकातले पाणी

विहिरीतून पाणी कसे काढावे, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. पोहरा सोडायचा, तो तिरका होऊन बुडावा म्हणून दोराला हलका झटका द्यायचा आणि ओढून घ्यायचा. त्यामुळे एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात जेमतेम दोन इंची नळीपुढे मी आणि माझा सहकारी सकाळपासून बसून आहोत आणि दुपारपर्यंत आमच्या हाती इनमीन सात बाटल्या पाणी आले आहे, हे पाहून तिथल्या वॉचमन काकांनी काळजीने विचारले, "मॅडम, बोअरला पाणीच नाही का?" पाणी होते. साडेदहा मीटर उंचीचा स्तंभ नळीत उभा होता. पण ते पाणी आम्हाला नको होते.

हा कारखाना पुण्याच्या परिसरातल्या एका औद्योगिक वसाहतीच्या कडेला आहे. तिथे धातूच्या सुट्या भागांवर क्रोमियमचा मुलामा चढवला जात असे आणि मुलाम्याआधी ते भाग ट्रायक्लोरोएथिलीन या द्रावकात धुऊन ग्रीसमुक्त केले जात. कारखाना बंद होऊन बरीच वर्षे झाली, टाक्या भंगारात गेल्या, शेडचे पत्रेही गेले. राहिली ती जमीन. ती विकत घेऊ पाहणाऱ्यांना खालचे पाणी बिघडले आहे का, एवढे जाणून घ्यायचे होते. त्यासाठी आवारात सहा निरीक्षण बोअर घेतले आणि त्यांतून नमुने काढण्याचे काम माझ्याकडे आले.

निरीक्षण बोअर हा शेतातल्या बोअरसारखा नसतो. शेतकऱ्याला पाणी कुठल्याही थरातून आले तरी चालते. चार झरे एकत्र मिळाले तर तो पेढे वाटतो. आम्हाला मात्र एका बोअरला एकच थर हवा असतो. साडेसहा इंची छिद्र पाडून त्यात दोन इंची पीव्हीसी नळी सोडतात, ज्या थरातले पाणी हवे तेवढ्याच उंचीत नळीला बारीक चिरा ठेवतात, त्या भागाभोवती धुतलेली गारेची वाळू भरतात, तिच्यावर बेंटोनाइट मातीच्या गोळ्यांचा थर देतात आणि त्याच्या वर जमिनीपर्यंत सिमेंट. बेंटोनाइट पाण्याने फुगते आणि वरचे पाणी नळीच्या बाहेरून खाली उतरण्याची वाट बंद करते. हा थर नीट बसला नाही, तर पावसाळ्यात आवारातले सांडपाणी थेट खाली जाते आणि आपण घेतलेला बोअरच प्रदूषणाची वाट होऊन बसतो. बोअरच्या गाडीवाल्याला हे पटवून देण्यात अर्धा दिवस जातो. त्याच्या हातोड्याला कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर तेल लागते आणि ते तेल छिद्रात उतरते, हे त्याला नेहमीचेच असते. आमच्या नमुन्यात मात्र ते तेल कारखान्याच्या नावावर जमा होते.

दख्खनच्या बेसाल्टमध्ये हे काम आणखी अवघड होते. आमच्या सहा बोअरांत वरून खाली साधारण हाच क्रम लागला: काळी माती, मुरूम, मग झिजून भुसभुशीत झालेला मांजऱ्या खडक, त्याखाली फटी असलेला काळा पाषाण आणि एका ठिकाणी दोन लाव्हाथरांमधला तांबडा गेरू. पाणी या सगळ्यात सारखे पसरलेले नसते. ते मांजऱ्यात आणि पाषाणाच्या फटींत असते. एकमेकांपासून दहा मीटरवर असलेल्या दोन बोअरांपैकी एक भरलेला आणि एक ठणठणीत असू शकतो. चार बोअर आम्ही उथळ, मांजऱ्यापर्यंतच ठेवले आणि दोन खोल नेले, कारण ट्रायक्लोरोएथिलीन पाण्यापेक्षा जड असते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, तर याचे जवळजवळ दीड किलो. पेट्रोल गळाले तर ते भूजलाच्या पृष्ठावर तरंगत राहते. हे द्रावक मात्र फट मिळेल तसे खाली उतरत जाते आणि घट्ट थर लागला की त्याच्यावर साचते. नळीच्या चिरा चुकीच्या खोलीवर ठेवल्या, तर नमुना कितीही काळजीने घेतला तरी त्यात काही सापडणार नाही आणि अहवालात "आढळले नाही" असे निर्मळ वाक्य छापले जाईल.

पाणी कोणत्या दिशेने वाहते, हे कळायला किमान तीन बोअर लागतात. प्रत्येक नळीच्या काठावर एक काळी खूण असते. तिची उंची लेव्हल लावून मोजलेली असते आणि पाण्याची खोली नेहमी त्याच खुणेपासून मोजतात. तीन ठिकाणच्या पातळ्या कळल्या की उतार निघतो. उतारावर वरच्या बाजूला, म्हणजे फाटकाजवळ, आमचा एक नंबरचा बोअर होता. कारखान्याचा स्पर्श न झालेले पाणी कसे असते, हे त्याने सांगायचे आणि बाकीच्या पाचांना त्याच्याशी ताडून पाहायचे, असा बेत होता.

पहिल्याच फेरीत त्या एक नंबरने घोळ घातला; खरे तर तो घोळ मी घातला. काम घाईचे होते, पैसे मोजके होते, म्हणून पंपाऐवजी बेलर वापरला. बेलर म्हणजे आपला पोहराच: तीन फुटी पारदर्शक नळी, तळाशी गोळीची झडप, वर दोरी. नियमाप्रमाणे नळीतल्या पाण्याच्या तिप्पट पाणी उपसायचे आणि मग नमुना घ्यायचा. हिशेब सरळ असतो. दोन इंची, म्हणजे ५० मिलिमीटर व्यासाच्या नळीत दर मीटरला सुमारे १.९६ लिटर पाणी मावते. तळ १८ मीटरवर, पाणी ७.४२ मीटरवर, म्हणजे स्तंभ १०.५८ मीटर, पाणी जवळजवळ २१ लिटर, त्याच्या तिप्पट ६२ लिटर. बेलरमध्ये एका वेळी लिटरभरही येत नाही. साठ-सत्तर वेळा तो पोहरा धपकन पाण्यात पडला, वर आला, पुन्हा पडला. प्रत्येक वेळी नळीतले पाणी पिचकारीच्या दट्ट्याने ढवळावे तसे चिरांमधून आत-बाहेर झाले आणि वाळूपलीकडची माती नळीत खेचली गेली. शेवटी आलेले पाणी चहात दूध जरा जास्त पडावे तसे दिसत होते. मी ते बाटलीत भरले, पद्धतीप्रमाणे त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब टाकले आणि प्रयोगशाळेत पाठवून दिले.

उत्तर आले: एकूण क्रोमियम दर लिटरला ०.२१ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, ही मर्यादा ०.०५ आहे. म्हणजे ज्या बोअरने शुद्ध पाण्याचा नमुना म्हणून उभे राहायचे, तोच चौपट दोषी ठरला. त्या बोअरला लागून, कुंपणापलीकडे एका वयस्कर शेतकऱ्याची विहीर आहे. बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी ते फाटकाशी येऊन उभे राहिले. "ताई, आम्ही प्यायचं थांबवतो, पण गुरांना तरी पाजू का?" मी म्हटले, "आबा, दुसरा निकाल येईपर्यंत नका पाजू." मला तेवढेच सांगता येत होते. त्यानंतर अडीच महिने त्यांच्या गोठ्यात टँकरचे पाणी पडत होते.

चूक कुठे झाली, ते कागद पुढ्यात घेऊन बसल्यावर कळले. बेसाल्टमध्ये क्रोमियम मुळातच असते आणि तो झिजून झालेल्या मातीतही ते उतरते. गढूळ पाण्यात आम्ल टाकले की मातीच्या कणांना चिकटलेले क्रोमियम सुटून पाण्यात येते आणि यंत्र ते इमानदारीने मोजते. कारखान्यातून येणारे क्रोमियम वेगळे. ते षट्संयुजी असते, पाण्यात पूर्ण विरघळते, ऋणभारित असल्यामुळे मातीला फारसे चिकटत नाही आणि पाण्याबरोबर दूर जाते. फार झाले तर पाण्याला पिवळी झाक येते. मातीतले त्रिसंयुजी क्रोमियम बहुतेक जागच्या जागी बसून असते. षट्संयुजी क्रोमियमची चाचणी स्वतंत्रपणे मागितली असती, तर हा फरक पहिल्याच दिवशी दिसला असता. पण ती यादीतून कमी केलेली होती, आणि कमी करायला मीच मान डोलावली होती.

दुसऱ्या फेरीला आम्ही ब्लॅडर पंप, म्हणजे हवेच्या दाबाने आतली पिशवी दाबून पाणी हळूहळू वर ढकलणारा पंप, घेऊन गेलो आणि मंद उपशाच्या पद्धतीने नमुने घेतले. या पद्धतीचे सर्वांत परिचित टिपण अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ साली काढले. ते रॉबर्ट पुल्स आणि मायकेल बार्सेलोना यांचे आहे. त्यातली कल्पना साधी आहे. नळीतले सगळे शिळे पाणी बाहेर काढण्याची गरज नाही. पंपाचे तोंड चिरांच्या उंचीवर धरायचे आणि पाणी मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर इतक्याच धारेने ओढायचे, म्हणजे खडकातून जेवढे येते तेवढेच निघते आणि वरचा शिळा स्तंभ जागचा हलत नाही. पातळी दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त खाली गेली, तर धार कमी करायची.

त्या सकाळी आधी मीटर तपासले: आम्लता-अल्कता (पीएच) मोजणारा ४, ७ आणि १० च्या द्रावणांत, विद्युतवाहकतेचा १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाणित द्रावणात. नंतर झाकण उघडून बोअरला थोडा वेळ श्वास घेऊ दिला. (नाक खाली नेऊन वास घ्यायचा मोह नव्या मुलांना हमखास होतो, त्यासाठी यंत्र असते, नाक वापरायचे नसते.) पातळीची टेप सोडली, पाण्याला टेकताच ती किणकिणली, आकडा दोनदा वाचला. बोअरचा तळ मुद्दाम शेवटी मोजायचा, नाहीतर बसलेला गाळ आपणच उठवतो. पंप हळूहळू उतरवला, धार मिनिटाला २०० मिलिलिटरवर आणली आणि पाणी एका छोट्या पारदर्शक कक्षातून, हवेचा स्पर्श न होता, मीटरांवरून वाहू दिले.

आता वाचकाने त्या कक्षाकडे आमच्याबरोबर पाहावे, कारण सगळे काम तिथे घडते. पहिल्या पाच मिनिटांत विरघळलेला प्राणवायू दर लिटरला ५.८ मिलिग्रॅम होता. नळीतले पाणी हवेखाली उभे असते, त्यामुळे त्यात प्राणवायू भरपूर असतो. वाहकता ८४० मायक्रोसीमेन्स होती. दहाव्या मिनिटाला प्राणवायू ४.१, वाहकता ९६०. विसाव्याला २.३ आणि १,१००. तिसाव्या मिनिटाला १.५ आणि १,१४०, पस्तिसाव्याला १.४ आणि १,१५०, चाळिसाव्यालाही तेच. गढूळपणा तोपर्यंत पाच एककांच्या खाली आला होता. लागोपाठ तीन नोंदींत आम्लता ०.१ च्या आत, वाहकता तीन टक्क्यांच्या आत आणि प्राणवायू दहा टक्क्यांच्या आत राहिला, की समजायचे: आता जे येते आहे ते खडकातले पाणी आहे. एकूण उपसा आठ लिटर झाला होता. तो ड्रममध्ये ठेवला, कारण निकाल येईपर्यंत ते पाणी निर्दोष मानता येत नाही आणि जमिनीवर ओतता येत नाही. बेलरच्या फेरीत अशा पाण्याने दोन ड्रम भरले होते आणि ते कुठे ठेवायचे यावर आवाराच्या मालकांशी वाद झाला होता, तो वेगळाच.

हे सगळे पुस्तकाप्रमाणे सहाही बोअरांत जमले, असे मात्र नाही. चार नंबरचा बोअर मुरमातल्या चिकणमातीत आहे. धार १०० मिलिलिटरवर आणली तरी पातळी खालीच जात राहिली. ही पद्धत वाळूच्या सच्छिद्र थरांना सोयीची आहे. आपल्याकडचा फटींचा खडक तिचे ऐकतोच असे नाही. अशा वेळी बोअर एकदा उपसून कोरडा करायचा, झरे परत भरू द्यायचे आणि चोवीस तासांच्या आत पुरेसे पाणी जमले की नमुना घ्यायचा. तो कमी दर्जाचा नमुना असतो आणि तसे वहीत लिहायचे असते. काही मंडळी ते लिहीत नाहीत. मला ते चोरीइतकेच वाईट वाटते.

बाटल्या भरण्याचा क्रम ठरलेला असतो. उडून जाणाऱ्या द्रावकांची बाटली आधी: ४० मिलिलिटरची काचेची कुपी काठोकाठ, पाण्याचा फुगवटा वर दिसेल इतकी भरायची, टोपण लावायचे, उलटी करून बोटाने टिचकी मारायची. आत बुडबुडा दिसला तर ती कुपी बाद, कारण द्रावक पाण्यातून निघून त्या बुडबुड्यात जाऊन बसते. या कुप्यांत आधीच हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेले असते, आणि आपल्या बेसाल्टातले पाणी कठीण असल्यामुळे कधी कधी ते आम्लाला लागताच सोड्यासारखे फसफसते. मग आम्लाविना कुपी भरायची आणि चौदा दिवसांऐवजी सात दिवसांत तपासून घ्यायची. त्यानंतर धातूंच्या बाटल्या: एक तशीच, एक ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून. नुसते गाळलेले पाणी तपासावे की न गाळलेले, यावर जाणकारांत मतभेद आहेत. काही धातू अतिसूक्ष्म कणांवर बसून खरोखरच प्रवास करतात आणि गाळणी त्यांनाही अडवते. म्हणून मी दोन्ही घेते. षट्संयुजी क्रोमियमच्या बाटलीत नायट्रिक आम्ल अजिबात टाकायचे नाही, कारण आम्लात त्याचे रूप बदलते. ती गाळून थंड ठेवायची आणि चोवीस तासांत तपासायची. म्हणूनच शनिवारी हा नमुना घेऊ नये. शनिवारी घेतलेली बाटली सोमवारपर्यंत प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये राहते आणि तिचा आकडा कागदावर येतो तेव्हा त्याला काही अर्थ उरलेला नसतो.

बर्फ आम्ही हायवेवरच्या रसवंतीतून घेतो. तो दुहेरी पिशवीत बांधायला एकदा विसरलो आणि प्रयोगशाळेत पेटी उघडली तेव्हा सगळी लेबले तळाच्या पाण्यात तरंगत होती. ती फेरी पुन्हा करावी लागली. मार्करपेनही आता पेटीत नसतो, कारण त्याच्या शाईत द्रावके असतात. पण सगळ्यात चांगली अद्दल जनरेटरने घडवली. पंपाच्या कॉम्प्रेसरसाठी लागणारा पेट्रोल जनरेटर आम्ही वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवला होता. दुपारी वारा फिरला आणि आमच्या लक्षात आले नाही. त्या दिवशी जागेवर उघडून शुद्ध पाण्याने भरलेल्या कोऱ्या कुपीत बेंझीन आणि टोल्यूइन ही पेट्रोलमधली द्रव्ये सापडली. शुद्ध पाण्यात बेंझीन! ती कोरी कुपी नसती, तर आम्ही ते कारखान्याच्या माथी मारून मोकळे झालो असतो. पैसे वाचवायचे म्हटले की पहिल्यांदा या कोऱ्या कुप्या आणि जोडनमुने (ताळा पाहण्यासाठी त्याच बोअरमधून घेतलेले दुसरे नमुने) हेच यादीतून जातात. त्यांची किंमत मी आता कोणाला कमी करू देत नाही.

दुसऱ्या फेरीचे निकाल आले. एक नंबरच्या बोअरमध्ये षट्संयुजी क्रोमियम आढळले नाही, एकूण क्रोमियम मर्यादेच्या बरेच खाली होते आणि गाळलेल्या नमुन्यात तर जवळजवळ नव्हतेच. पाच नंबरचा बोअर जुन्या धुलाई शेडच्या उताराला, ओढ्याच्या बाजूला आहे. बेलरच्या फेरीत त्यात द्रावक सापडले नव्हते. आता ट्रायक्लोरोएथिलीन स्पष्ट सापडले आणि जोडनमुन्यातही तेवढेच आले. साठ-सत्तर वेळा ढवळून आणि हवेतून ओतून आम्ही ते पहिल्या वेळी बहुधा उडवूनच लावले होते. एकाच पोहऱ्याने एका बोअरवर खोटा आळ घेतला आणि दुसऱ्याचा दोष झाकला, आणि दोन्ही आकड्यांखाली माझी सही होती.

असे आकडे पुढे न्यायालयात उभे राहू शकतात. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावी एच-ॲसिड हे रंगांसाठी लागणारे रसायन बनवणाऱ्या कारखान्यांच्या गाळातून पाझरलेल्या पाण्याने विहिरी नासल्या. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये, प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च सोसावा हे तत्त्व लावून, निकाल दिला आणि त्यामागे आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने केलेली पाहणी होती. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियमही काढले आहेत. जागा आधी संशयित आणि मग तपासणीअंती दूषित ठरवायची, असा त्यांचा क्रम आहे. या दोन शब्दांमधले अंतर शेवटी कोणीतरी बोअरच्या काठावर बसून भरलेल्या बाटल्यांनीच कापायचे असते.

तिसरी फेरी आम्ही पावसाळा सरल्यावर केली. पातळी ७.४२ वरून ३.१५ मीटरवर आली होती. बेसाल्टमध्ये एवढी चढउतार नवलाची नाही. पण पाणी चढते तेव्हा वरच्या कोरड्या मुरमात अडकून बसलेले क्रोमियमही धुऊन निघते, म्हणून मे महिन्याचा एकच नमुना घेऊन जागेला निर्दोष म्हणता येत नाही. आता कुंपणाबाहेर, ओढ्याच्या काठावर सातवा बोअर घ्यायचा आहे. तो घेतल्यावर नितळ होईपर्यंत उपसावा लागेल, मग दोन आठवडे तसाच ठेवावा लागेल आणि त्यानंतर कळेल की द्रावक आवाराच्या बाहेर गेले आहे की नाही.

आबांच्या विहिरीचाही स्वतंत्र नमुना घेतला. त्यात क्रोमियम आणि द्रावके आढळली नाहीत. त्यांनी तो निकाल कागदावर मागितला. मी त्यांना दोन्ही फेऱ्यांच्या प्रती दिल्या आणि पहिल्या कागदावर तो का चुकला ते पेनाने लिहून खाली तारीख घातली. त्यांनी ते वाचले, "मग टँकरचे पैसे?" असे विचारले आणि माझ्याकडून उत्तर येत नाही असे पाहून दोन्ही कागद घडी घालून सातबाराच्या पिशवीत ठेवले.